गल्लीची फाइल

पुनर्विकासासाठी, म्हणजे जुनी इमारत पाडून बिल्डरकडून नवी बांधून घेण्यासाठी, आमच्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा गच्चीवर भरली होती. मुलुंड पूर्वेला एका बंद टोकाच्या गल्लीत आमची तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत आहे. चोवीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही, आणि जिन्याच्या कठड्याला इतक्या वर्षांच्या हातांनी आलेली झिलई. सल्लागाराकडून आलेल्या तरुणाने पांढऱ्या चादरीवर प्रोजेक्टरने आकडे दाखवले : इतके टक्के जादा कार्पेट (घराच्या आतली वापरायची जागा), इतकं भाडं, इतका कॉर्पस (बिल्डरने द्यायचा एकरकमी निधी), सामान हलवण्याचे इतके, दलालीचे इतके. लोक वहीत लिहून घेत होते. माझी वहीही मांडीवर होतीच. गुडघे गेलेल्या माणसाला रोज तीन जिने चढावे लागतात, तेव्हा पुनर्विकास हा त्याच्यासाठी हावेचा विषय नसतो. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणी मला पुनर्विकासाचा विरोधक समजेल.

आकडे संपले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हात वर केला. त्या एरवी सभेत बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, "आपलं सगळं पाणी जातं त्या गटाराचं काय? २००५ च्या २६ जुलैला चौथ्या पायरीपर्यंत पाणी होतं. आता चोवीसाची साठ बिऱ्हाडं होणार. शेजारच्या तिघांचंही तेच चाललंय. गटार तेवढंच ना?"

तरुण नम्र होता. म्हणाला, "काकू, ते आपल्या स्कोपमध्ये येत नाही."

मला त्याचा राग आला नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने त्याचं उत्तर अचूक होतं. गटार सोसायटीच्या कक्षेत येत नाही, बिल्डरच्या करारात येत नाही, आणि आमच्या प्रस्तावाला मंजुरी देणाऱ्या टेबलावरही ते फारसं येत नाही. काकूंचा प्रश्न आमच्या गल्लीतला सगळ्यात शहाणा प्रश्न होता, आणि तो ऐकून घ्यायला महाराष्ट्राच्या कायद्यात जागा नव्हती. हा लेख त्या जागेबद्दल आहे.

आपल्या राज्याच्या कायद्यांत नियोजनाचं एक टोक फार वर आहे आणि दुसरं फार खाली. वरच्या टोकाला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. त्याखाली सगळ्या शहराचा विकास आराखडा वीस वर्षांतून एकदा होतो, प्रारूप प्रसिद्ध होतं, हरकती-सूचना मागवतात, नियोजन समितीपुढे सुनावणी होते. मुंबईचा २०३४ पर्यंतचा आराखडा असाच झाला. २०१५ चं पहिलं प्रारूप इतकं सदोष निघालं की सरकारला ते बाजूला ठेवून नव्याने काम करायला लावावं लागलं, आणि अंतिम मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. खालच्या टोकाला आहे एकेका इमारतीची परवानगी. मधली पायरी, म्हणजे गल्ली, आळी, वाडी, दहा-बारा इमारतींचा तो तुकडा जिथे माणसं खरोखर राहतात, ती रोजच्या कामकाजात कुठेच दिसत नाही.

असं का झालं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. मालकाला दुरुस्ती परवडेना, इमारती खचू लागल्या, पावसाळ्यात कोसळू लागल्या. १९६९ मध्ये राज्याने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा केला आणि दुरुस्तीच्या खर्चासाठी जुन्या इमारतींवर उपकर लावला. त्या वेळी असा उपकर लागलेल्या, म्हणजे उपकरप्राप्त, इमारती होत्या १९,६४२. कोसळत होती ती इमारत, म्हणून कायद्याने माप धरलं तेही इमारतीचं. पुढे तो कायदा १९७६ च्या म्हाडा अधिनियमात सामावला गेला, पण माप तेच राहिलं. उपनगरात आमच्यासारख्यांच्या सोसायट्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदल्या गेल्या, तिथे एकक झालं सोसायटी. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं, तिथेही झोपडीधारकांची सोसायटी. तीन वेगळ्या अडचणींवर तीन वेगळी उत्तरं निघाली, प्रत्येक उत्तर आपल्या काळात समजण्यासारखं होतं, आणि तिन्ही उत्तरांनी वस्तीला कुंपणाबाहेर ठेवलं.

कुंपणाच्या आत मात्र कायदा काटेकोर आहे. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली ३ जानेवारी २००९ ला निर्देश निघाले, ४ जुलै २०१९ ला ते सुधारले गेले. सभेची सूचना किती दिवस आधी, गणसंख्या किती, विकासक निवडताना निबंधकांचा प्रतिनिधी हजर, सभेचं चित्रीकरण, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती. ही शिस्त चांगली आहे. तिच्यामुळे रात्रीत करार उरकून टाकणाऱ्या कार्यकारिणींना लगाम बसला. पण या सगळ्या शिस्तीत सभासदाला एकच प्रश्न विचारला जातो : हा बिल्डर, या अटींवर, तुला मान्य आहे का? आणि सभासदही त्याच प्रश्नाचं उत्तर देतो. माझ्या चौरस फुटांचा हिशेब मी चोख करतो. माझ्या गल्लीचा हिशेब कुणी करायचा हे मला कुणी विचारत नाही, म्हणून मीही करत नाही.

गेल्या काही वर्षांत सगळी सुधारणा झाली ती संमतीच्या टक्क्यांत. उपकरप्राप्त इमारतींत ७० चे ५१ झाले, झोपडपट्टी योजनेत ७० चे ५१ झाले, सोसायट्यांत तीन चतुर्थांशाचे ५१ झाले. एकदोन आडमुठ्या सभासदांनी सगळ्यांना वेठीला धरू नये, हा त्यामागचा विचार मला पटतो. पण विधिमंडळात आणि मंत्रालयात इतकी वर्षं चर्चा सह्यांच्या संख्येभोवती फिरत राहिली आणि सह्या कशावर घ्यायच्या हा प्रश्न मागे पडला, याची खंत वाटते.

आता एक हिशेब मांडतो. तो मी सभेनंतर घरी बसून केला आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत मोकळ्या जागेचा नियम आहे. भूखंड १,००० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर त्यातला १५ टक्के भाग मनोरंजनासाठी मोकळा सोडायचा. २,५०० च्या वर गेला तर २० टक्के, १०,००० च्या वर २५ टक्के. एक हजाराच्या आत असेल तर हे बंधन नाही. लहान भूखंडावर एवढी जागा सोडली तर इमारतच बसणार नाही, म्हणून ही सवलत. ठीक आहे. आमच्या गल्लीत अकरा भूखंड आहेत, प्रत्येक साधारण आठशे-साडेआठशे चौरस मीटरचा. एकेकटा पुनर्विकास केला तर कायद्याने सोडायची मनोरंजनाची जागा : शून्य. अकराही वेळा शून्य. हीच जमीन एकाच मालकाची, एकाच लेआउटची असती तर ९,००० चौरस मीटरवर २० टक्क्यांनी १,८०० चौरस मीटर मैदान सोडावं लागलं असतं. पोरांना क्रिकेट खेळता आलं असतं, गणपतीचा मांडव रस्त्याबाहेर पडला असता, पाणी मुरायला माती राहिली असती.

जमीन तीच, माणसं तीच, मजलेही जवळपास तेवढेच. फरक एवढाच की कायद्याने अकरा फायली पाहिल्या, गल्लीची फाइल उघडली नाही. मी पालिकेतल्या एका जाणकाराला विचारलं होतं की आमच्या गल्लीत एकूण किती प्रस्ताव आहेत आणि सगळे मिळून किती घरं वाढणार, हे कुठे बघायला मिळेल. तो म्हणाला, प्रत्येक प्रस्ताव स्वतंत्र आहे, बेरीज तुम्हालाच करावी लागेल.

कुणी म्हणेल की रस्त्याच्या रुंदीचा विचार नियमावली करतेच. करते. नऊ मीटरच्या रस्त्यावर जितका टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क, वापरता येतो त्यापेक्षा जास्त बारा मीटरच्या रस्त्यावर, त्याहून जास्त अठरा मीटरच्या. तत्त्व योग्य आहे. पण रस्ता प्रत्येक भूखंडाला जणू तो एकट्याचाच असावा तसा मोजला जातो. अकरा इमारती एकाच नऊ मीटरकडे बोट दाखवून आपापलं चटई क्षेत्र घेतात. त्या अकरांच्या गाड्या, त्यांचे पाण्याचे टँकर, त्यांच्या बांधकामाचे मिक्सर, आणि कधी वेळ आलीच तर त्यांच्याकडे येणारा अग्निशमन दलाचा बंब, हे सगळं त्या एकाच नऊ मीटरवर उभं राहणार आहे. त्यातही पार्किंग वजा जाता गाडीला वाट किती उरते ते आमच्याकडे कुणीही येऊन टेपने मोजावं.

गल्ली न पाहता भूखंड पाहिले की काय होतं, याचं मोठं चित्र मुंबईने गिरणगावात पाहिलं आहे. मराठी माणसाला गिरणगाव वेगळं सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या हळूहळू बंद पडल्या, आणि ५८ गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या मधोमध मोकळी होण्याच्या मार्गावर आली. १९९१ च्या नियमावलीत नियम ५८ आला. ढोबळमानाने जमिनीचा एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागा आणि सुविधांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. १९९६ मध्ये सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला. एकेक गिरणी सुटी न बघता परळ-लोअर परळचा तो सगळा पट्टा एकत्र मांडावा, लगतच्या गिरण्यांच्या मोकळ्या जागा जोडून मोठी मैदानं, रस्ते, स्टेशनांभोवती चौक करावेत, ही त्या कामामागची दृष्टी होती. म्हणजे गल्लीची फाइल उघडायचा एक खरा, सरकारी, कागदोपत्री प्रयत्न आपल्या राज्यात झाला होता.

तो बाजूला पडला. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीची झाली, गिरणीच्या शेड ज्या जमिनीवर उभ्या होत्या ती वाटणीतून वगळली गेली. उच्च न्यायालयात लोक जिंकले, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा बदल वैध ठरवला. त्यानंतर एकेका गिरणीचा एकेक मॉल, एकेक टॉवर, एकेक काचेची कचेरी झाली. प्रत्येक परवानगी नियमात बसणारी होती. पण एकाही परवानगीने हे विचारलं नाही की या सगळ्या कचेऱ्यांत कामाला येणारी माणसं कोणत्या पुलावरून चालणार आहेत. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी, पाऊस पडत असताना, एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या त्या जुन्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. पूल रेल्वेचा होता, जबाबदारी रेल्वेची होती, हे खरंच. तरीही मला त्या दुर्घटनेतून नियोजन वजा करता येत नाही. पूल बांधला गेला तेव्हा त्या भागात गिरणी कामगार राहत होते आणि चालत कामाला जात होते. नंतर तो भाग राज्याच्या नियमाने बदलला, आणि पुलाचा हिशेब कुणाच्याच फायलीत नव्हता.

गोवंडी-मानखुर्दला झोपडपट्टी पुनर्वसनाच्या आणि प्रकल्पग्रस्तांच्या इमारती ज्यांनी आत शिरून पाहिल्या आहेत, त्यांना दुसरं चित्र सांगायला नको. दोन इमारतींमध्ये तीन मीटरचं अंतर, खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा, खिडकी उघडली की समोरच्याची खिडकी आणि मधल्या फटीत कचरा. तिथल्या वसाहतींमध्ये क्षयरोग आणि ऊन-वारा न मिळणं यांचा संबंध डॉक्टरांच्या अभ्यासात दिसून आला आहे. मोफत घराचं क्षेत्रफळ २२५ चं २६९ झालं, २६९ चं ३०० चौरस फूट झालं, आणि प्रत्येक वेळी ती बातमी झाली. इमारतींमधल्या अंतराची बातमी कधी झाली नाही. ३० जुलै २०२४ ला एका खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याची अंमलबजावणी कशी चालली आहे याचं परीक्षण करायला मुंबई उच्च न्यायालयाला सांगितलं. कायद्याभोवती इतके खटले साचले होते की कायद्याचीच तपासणी व्हावी, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला वाटलं. नागरिकाने याहून स्पष्ट इशारा कुठून आणायचा?

समूह पुनर्विकास, ज्याला सगळे क्लस्टर म्हणतात, तो या दुखण्यावर राज्याने २००९ मध्ये काढलेला उपाय आहे. शहर भागात किमान ४,००० चौरस मीटर जमीन एकत्र आली की चार एफएसआय, म्हणजे जमिनीच्या चौपट बांधकाम. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवर, सुमारे अडीचशे इमारती आणि ३,२०० कुटुंबं धरून असा प्रकल्प हाती घेतला गेला. त्याच्या आराखड्यात रुंद रस्ते आले, उघडी जागा आली. वस्ती एकत्र पाहिली तर काय करता येतं हे त्यातून दिसतं, आणि मी ते मोकळेपणाने मान्य करतो. पण त्याच परिसरातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला कोसळली आणि ३३ जीव गेले. इतक्या इमारती, इतके मालक, इतके भाडेकरू एकाच हातात गोळा करायला जो काळ लागतो, तो काळ मोडकळीला आलेल्या भिंती देत नाहीत.

क्लस्टरची खरी अडचण याहून खोल आहे. त्यात वस्तीची सीमा ठरते ती कुणाची संमती मिळाली यावरून. शाळेचा रस्ता, नाल्याचा उतार, बाजार यांचा त्या सीमेशी संबंध नसतो. आणि वस्तीचा आराखडा करतो तोच, जो ती विकणार आहे. सगळ्यांनी एकाच विकासकाच्या हाती जमीन सोपवली तरच एकत्र विचार होईल, असं जणू कायदाच आपल्याला सांगतो. मला हे मान्य नाही. अकरा सोसायट्यांनी अकरा बिल्डर नेमले तरी गटार एकत्र टाकता येतं, कुंपणं मागे घेता येतात, पाण्याची टाकी सामायिक करता येते, प्रत्येकाच्या मागच्या बाजूची मोकळी पट्टी जोडून मधे एक आयताकृती अंगण काढता येतं. त्यासाठी मालकी एक व्हायची गरज नाही. नकाशा एक असला तरी पुरे.

आणि नकाशा एक करायची कला आपल्याला परक्यांकडून शिकायची नाही. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा देशातला या प्रकारचा पहिला कायदा. त्या कायद्यातल्या नगररचना योजनेत सगळ्या मालकांच्या वाकड्यातिकड्या जमिनी एकत्र मांडायच्या, रस्ते-मैदानांची जागा काढून घ्यायची, आणि उरलेली जमीन सरळ भूखंड करून ज्याची त्याला परत द्यायची. मालकी जात नाही, आकार बदलतो, आणि वाढलेल्या किमतीतला वाटा सुविधांना लागतो. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले इथे ज्या गल्ल्यांत चालावंसं वाटतं, त्यांतल्या बऱ्याचशा या योजनांनी आखलेल्या आहेत. गुजरातने हीच पद्धत पुढे चालवली आणि अहमदाबाद तिच्यावर वाढवलं. आपण १९६६ च्या अधिनियमात तिला जागा दिली आणि मग अनेक दशकं तिच्याकडे जवळजवळ पाठ फिरवली. त्याच अधिनियमाच्या कलम ३३ मध्ये सर्वंकष विकासाच्या क्षेत्रासाठी वेगळा आराखडा करायची तरतूदही आहे. म्हणजे दार आहे, पण ते उघडायची सक्ती कुणावर नाही.

लोकांना बोलावून घ्यायची तरतूदही आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला अमलात आली आणि तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य झाल्या. २००९ मध्ये, केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेची अट म्हणून, महाराष्ट्राने महापालिकांच्या कायद्यांत क्षेत्रसभा आणली. गावात ग्रामसभा तशी शहरात क्षेत्रसभा, मतदार यादीतला प्रत्येक माणूस तिचा सदस्य. कल्पना किती सुंदर! आपल्यापैकी किती जणांना क्षेत्रसभेचं निमंत्रण आलं? मला एकदाही आलेलं नाही. त्यात मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं मुंबई-पुण्यासह राज्यातल्या मोठ्या महापालिका प्रशासकाच्या हाती होत्या. पुनर्विकासाला सगळ्यात जास्त वेग आला त्याच काळात प्रभागात विचारायला नगरसेवकच नव्हता. आता नगरसेवक निवडून आले आहेत. मग काकूंचा प्रश्न त्यांच्या टेबलावर पोचायची वाट तरी कायद्याने करून द्यावी.

माझं मागणं असं आहे. एखाद्या भागात ठरावीक संख्येपेक्षा जास्त पुनर्विकास प्रस्ताव दाखल झाले, समजा तीन, की त्या भागाचा स्थानिक आराखडा करणं पालिकेवर बंधनकारक व्हावं. भाग मोठा नको, पाच-सात हेक्टर पुरे, सीमा नाला-रस्ता-रेल्वे अशा खऱ्या गोष्टींनी ठरावी. मुदत सहा महिने. त्यात एकूण किती घरं वाढणार त्याची बेरीज, पाणी-मलनिस्सारणाची क्षमता, झाडं, शाळा, बंब कुठून वळणार, आणि कोणत्या भूखंडाने कोणत्या बाजूची पट्टी जोडून द्यायची याचा नकाशा. हजार चौरस मीटरच्या आतल्या भूखंडांची मोकळ्या जागेची सवलत एकट्यापुरती राहावी, पण आराखड्याच्या क्षेत्रात सगळ्यांची मिळून मोजणी व्हावी. हा आराखडा क्षेत्रसभेपुढे यावा, आणि क्षेत्रसभा म्हणजे फक्त फ्लॅटमालक नव्हेत. आमच्या सोसायटीत पाच बिऱ्हाडं भाड्याने राहतात, त्यांतलं एक अठरा वर्षं आहे. त्यांची मुलं इथल्याच शाळेत वाढली, पण गच्चीवरच्या सभेत त्यांना खुर्ची नव्हती. फाटकाशी इस्त्रीचं टेबल लावणारा माणूस आमच्या चाव्या सांभाळतो, कुरिअर घेतो, कुणाची आई दारात पडली तर पहिला धावतो. नव्या इमारतीच्या नकाशात त्याची चार फूट जागा नाही, कारण ती कुणाच्याच कार्पेटमध्ये नाही.

पैशाचं काय, हा प्रश्न येणारच. पैसा आहे. वाढीव एफएसआयसाठी बिल्डर जे अधिमूल्य आणि जे विकास शुल्क भरतात ती रक्कम लहान नसते, शेवटी ती नव्या घराच्या किमतीतूनच वसूल होते, आणि ती पालिका, राज्य आणि इतर प्राधिकरणांच्या तिजोऱ्यांत वाटली जाते. त्यातून सागरी पूल होतात, महामार्ग होतात. व्हावेत. पण ज्या गल्लीच्या आकाशातून हा पैसा निघाला, त्या गल्लीच्या गटारासाठी त्यातला काही वाटा, मी चौथा हिस्सा म्हणेन, कायद्याने बांधून ठेवला पाहिजे. २०२१ मध्ये बांधकामाला चालना म्हणून राज्याने अधिमूल्यात सरसकट ५० टक्के सवलत दिली होती. निम्मी रक्कम एका निर्णयाने सोडता येते, तर चौथा हिस्सा गल्लीत ठेवणं अशक्य कसं म्हणायचं?

सगळ्यात जड आक्षेप उशिराचा आहे, आणि तो मी हलक्यात घेत नाही. आमच्या शेजारच्या इमारतीचं काम तीन वर्षं रखडलं. लोक भाड्याच्या घरांत विखुरले, भाड्याचे धनादेश थांबले, आणि दोन वृद्ध आपल्या नव्या घराचा उंबरा न ओलांडता गेले. अशा माणसांना जाऊन "अजून सहा महिने आराखड्यासाठी थांबा" असं सांगायची माझी छाती नाही. म्हणून धोकादायक ठरलेल्या इमारतींना यातून वगळलंच पाहिजे. उरलेल्यांसाठी मुदत संपली आणि पालिकेने आराखडा दिला नाही, तर प्रस्ताव आजच्या नियमांनी पुढे जावा, उशिराचा भुर्दंड रहिवाशांवर पडू नये. मात्र खरं सांगायचं तर सहा महिने कुठे जातात हेही आपण पाहतो. सभा, निविदा, करारनामा, आयओडी (पालिकेची बांधकामाची प्राथमिक मंजुरी), यांत दोन-तीन वर्षं सहज जातात. त्याच काळात, त्याच्या बरोबरीने, आराखडा होऊ शकतो.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. आधी आलेले लोक आराखड्याच्या नावाखाली नव्यांना दार बंद करतील, "आमच्या गल्लीत गर्दी नको" म्हणतील, त्यातून जातीधर्माची कुंपणंही घातली जातील. ही भीती खोटी नाही. मुंबईत घर देताना आडनाव विचारतात हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून स्थानिक आराखड्याला एफएसआय कमी करायचा अधिकार नसावा. घरं किती व्हायची ते शहराने ठरवावं, कारण घरांची गरज सगळ्या शहराची आहे. ती घरं इथे उभी राहताना पाणी, वाट, ऊन आणि अंगण कसं असेल, एवढं गल्लीने ठरवावं.

गच्चीवरच्या त्या सभेनंतर काकूंनी मला बरोबर घेऊन दुसऱ्या दहा सोसायट्यांच्या सचिवांची दारं वाजवली. तिघांनी दारातूनच परत पाठवलं. सात जण एका रविवारी काकूंच्या घरी जमले. इतकी वर्षं शेजारी राहून एका खोलीत आम्ही पहिल्यांदाच बसलो होतो. कुणाच्या तरी नातीचा ड्रॉइंगचा कागद घेतला, दोन कागद चिकटवले, गल्ली काढली. प्रत्येकाने आपला भूखंड पावलांच्या अंदाजाने आखला, मागची पट्टी, जांभळाचं झाड, तुंबणारा चेंबर. चहा दोनदा झाला. संध्याकाळपर्यंत मागच्या पट्ट्या जोडून मधे एक लांबट अंगण दिसू लागलं, आणि दोन कुंपणं दीड-दीड मीटर मागे घेतली तर बंब वळू शकतो हेही दिसलं. एका सचिवाने आपल्या बिल्डरशी बोलायचं कबूलही केलं.

मग तो कागद गुंडाळी करून मी विभाग कार्यालयात नेला. तिथल्या माणसाने तो उलगडून नीट पाहिला, चांगला आहे म्हणाला, आणि विचारलं, "हा कोणत्या प्रस्तावाला जोडायचा?" आमच्याकडे सात प्रस्तावांची नावं होती. त्याला एक क्रमांक हवा होता. सात क्रमांकांचा एक कागद आवकमध्ये घेता येत नाही, असं तो म्हणाला, आणि मला वाटतं तो खरंच बोलत होता. गुंडाळी आता काकूंच्या कपाटावर आहे.